पिंपळ काढणारे रामटेकेकाका

रामटेकेकाकांच्या डाव्या अंगठ्याचं नख बाकीच्या नखांपेक्षा दुपटीनं लांब असायचं. ते मुद्दाम वाढवलेलं होतं. दगडांच्या सांध्यात पिंपळाचं दोन पानांचं रोप दिसलं की ते नख मुळाच्या कडेनं आत सरकवायचे, माती सैल करायचे आणि रोप केसाएवढ्या मुळासकट तळहातावर घ्यायचे. चार पानांच्या रोपाला नख पुरत नसे, तिथं पातळ सुरी. खोड बोटाएवढं झालं असेल तर मात्र ते हात मागे घेत आणि म्हणत, "आता ओढायचं नाही." हे ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की कामावरच्या छत्तीसगढी बाया त्यांच्या मागून एकमेकींना "झन झींक कका", ओढू नको काका, म्हणून चिडवायच्या. काकांना ते ऐकू यायचं. बाया ओढत नव्हत्या, तेवढं त्यांना पुरे होतं.

काका गेले त्याला वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल मी याआधीच लिहायला हवं होतं, निदान बोलायला तरी. ते का केलं नाही, हेही इथंच येईल.

ते मूळ साकोलीकडचे. भिलाईत आले ते प्लांटमध्ये भट्टीच्या आतल्या विटा लावायच्या कामावर. माझे वडील त्याच गँगमध्ये, त्याच शिफ्टला. दोघांनी चोवीस वर्षं एकमेकांच्या हातात वीट दिली. आमचं घर वैशाली नगरात, काकांचं मरोद्यात. तरी रविवारी सकाळी काका सायकलवरून आमच्याकडे येत आणि बाबांबरोबर काळा चहा पीत. बोलणं फार नसे. एकजण पेपर वाचायचा, दुसरा त्याचं मागचं पान.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून जुन्या वास्तूंच्या खात्यात लागलो. शिवनाथ नदीच्या काठावर एक दगडी देऊळ आहे, गावाचं नाव लिहीत नाही. त्याची देखभाल माझ्याकडे आली तेव्हा शिखरापासून ओट्यापर्यंत पिंपळ, वड आणि उंबर माजलेले होते. मी चार मजूर लावले आणि रोपं उपटायला सांगितलं. आठ दिवसांत देऊळ स्वच्छ. एका रविवारी मोठ्या अभिमानानं मी काकांना तिथं घेऊन गेलो. नुकतेच रिटायर झाले होते, घरी बसून कंटाळले होते.

त्यांनी पायऱ्यांपाशी बूट काढले. सेफ्टी शूज, प्लांटचेच. चौकीदाराला वाटलं, म्हातारा भाविक आहे. काका म्हणाले, "देवासाठी नाही गा. बुटाच्या खिळ्यानं दगडाले चरे पडते." मग देवळाभोवती एक फेरी मारून एका सांध्यापाशी उकिडवे बसले.

"हे कोनं उपटलं?"

"मजुरांनी."

"वरचं उपटलं. आतलं आतच हाय. एक तोडलं तं चार येते, इंजिनेर. पावसाळ्यानंतर मले घेऊन ये, मोजून दाखवतो."

तेव्हापासून ते मला इंजिनेर म्हणू लागले. पावसाळ्यानंतर मी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी मोजून दाखवलं. त्याच सांध्यात पाच कोंब होते.

"एक जास्त निघाला," ते म्हणाले. "चुकलंच माह्यं."

मी साहेबांशी बोललो आणि काकांना मिस्त्री म्हणून कामावर घेतलं. काकांची पद्धत अशी. दगड आधी लाकडी ठोकळीनं वाजवून पाहायचा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आला तर मागे पोकळ आहे, तिथं कुणी पाय ठेवायचा नाही. फटीत हात घालण्याआधी काठीनं आवाज करायचा, कारण भाड्यानं साप राहतात. खोड सांध्याच्या वर बोटभर ठेवून करवतीनं कापायचं आणि कापल्या कापल्या, चीक वाळायच्या आत, सालीच्या आतल्या कड्यावर औषध लावायचं. शिंपडायचं नाही, ब्रशनं लावायचं, दगडाला थेंब लागू न देता. ब्रश म्हणजे त्यांचा दाढीचा जुना ब्रश. औषधात नीळ घातलेली असायची, म्हणजे कोणतं खोड झालं, कोणतं राहिलं ते लांबून कळे. आभाळ आलेलं असेल तर त्या दिवशी औषधाची बाटली उघडायची नाही. मेलेलं मूळ जिथल्या तिथं सोडायचं, भोवतीच्या फटीत चुन्याचा गारा भरायचा. सिमेंटची गोणी आवारात दिसली तर ते जेवायला बसत नसत. एकदा ठेकेदाराच्या माणसानं विचारलं, सिमेंटनं काय बिघडतं? काका म्हणाले, "तुह्या बापाचं धोतर फाटलं तं त्याले पत्र्याचं ठिगळ लावशीन का?"

आणि दर वर्षी दिवाळीनंतर फेरी. हे त्यांचं ठरलेलं. फुटवा आला का, हे सांधा सांधा पाहायचं. "झाड इसरत नाही," म्हणायचे. "आपुनच इसरतो."

पिंपळाचा प्रश्न आला तो गावातून. एक म्हातारी रोज देवळात पाणी घालायला यायची, सगळे तिला फुलबासन दाई म्हणत. तिनं काकांच्या हातात करवत पाहिली आणि समोर उभी राहिली.

"पीपर ला झन काट गा. पाप परही."

पिंपळ कापू नको, पाप लागेल, एवढंच तिचं म्हणणं. तिच्या मागं आणखी दहा-बारा माणसं. काकांना तिकडूनही ऐकावं लागत होतं. मरोद्याच्या विहारात त्यांना लोक म्हणायचे, "काय रामटेके, इकडं बोधिवृक्षाले वंदना अन् तिकडं त्यालेच जहर?" काका विहारात म्हणायचे, "इकडं तो जमिनीत उभा हाय. तिकडं दुसऱ्याच्या छातीवर बसला हाय." पण दाईशी त्यांनी वाद घातला नाही. नखानं काढलेलं दोन पानांचं एक रोप त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीत, ओल्या मातीत लावून तिच्या हातात दिलं आणि तळ्याकडे बोट दाखवलं. मग प्रत्येक लहान रोप पिशवीत जाऊ लागलं. चौकीदाराच्या खोलीमागं पिशव्यांची रांग लागली. गावातली माणसं येऊन घेऊन जायची. तळ्याच्या पाळीवर आज जे सात पिंपळ आहेत, ते सगळे देवळातून उतरलेले आहेत. दाईचा पहिला.

दक्षिणेच्या भिंतीतला पिंपळ मात्र पिशवीत मावणारा नव्हता. बुंधा मांडीएवढा. मुळं भिंतीच्या आत शिरून दोन हात खाली बाहेर पडलेली. त्याच्या डाव्या अंगाला आरसा घेतलेली एक बाई कोरलेली आहे, कपाळावरच्या बटा वाळूच्या दगडात अजून मोजता येतात. काका त्या झाडासमोर चार दिवस नुसते बसून होते. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "भिंतीले आता हे झाडच धरून हाय. आतला चुना यानं कधीच खाल्ला."

आश्विनात, पानं हिरवी असताना, त्यांनी बुंध्याला तिरकी भोकं पाडून औषध सोडलं. पानं असली की झाडच ते औषध खाली मुळापर्यंत नेतं. कार्तिकात झाड पिवळं पडलं, पौषात काटकुळं झालं. भोवतीच्या प्रत्येक दगडावर काकांनी गेरूनं आकडा घातला, एक ते एकतीस. ठरलं असं, की एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यायचा. नंतर भिंतीला आधार लावायचा, वरून खाली हात-हातभर कापत यायचं आणि आतलं मूळ आतच ठेवायचं.

"मेलेलं हाय म्हणून सुटलेलं नाही," हे त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. माझं लक्ष होतं, हेही मी कबूल करतो. ऐकलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

माघात मोठ्या साहेबांची भेट ठरली. आमचे साहेब आदल्या आठवड्यात पाहणीला आले आणि दक्षिणेकडे बघून म्हणाले, "वो सूखा पेड़ फोटो में आएगा. हटवा दो." काका तेव्हा पुतणीच्या लग्नाला साकोलीला गेले होते. तीन दिवसांनी येणार होते. मी साहेबांना सांगू शकलो असतो, की तीन दिवस थांबा, किंवा हे झाड यंदा हटणार नाही. मी "जी सर" म्हणालो.

मी प्लांटच्या गावात वाढलेलो. आमच्याकडे काहीही अडलं, रुतलं, जाम झालं की एकच उपाय माहीत: चेन पुली लावा. लहानपणी बाबांच्या तोंडून चेन पुलीच्या इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या, की जगात तिच्यानं न हलणारी वस्तू आहे असं मला वाटतच नव्हतं. रसमड्याच्या एका वर्कशॉपमधून मी पुली आणि ती चालवणारे दोन रिगर आणले. पुलीचं एक टोक समोरच्या कडुलिंबाला. साखळी पिंपळाच्या बुंध्याला. रिगरनं बुंधा ठोकून पाहिला आणि म्हणाला, "सूखा है साहब, मक्खन जैसा आएगा."

सकाळचे दहा वाजले असतील. गाव शेतात. साखळी ताणली, बुंधा करकरला, आणि मग झाडानं भिंत सोडली नाही. भिंतीनं देऊळ सोडलं. आवाज फार मोठा नव्हता. गाडीतून मुरूम ओततात तसा. धूळ बसल्यावर पाहिलं तर कुणालाही लागलेलं नव्हतं. एकतीसपैकी बावीस दगड खाली होते. आरसेवाली बाई उभीच होती, पण नाकापासून हनुवटीपर्यंत तिचा चेहरा गेला होता.

बारा वाजायच्या आत मी रिगर आणि पुली परत पाठवली. चौकीदाराला काही सांगितलं नाही, त्यानं काही विचारलं नाही. साहेबांना फोन केला: "दक्षिणेची भिंत बसली." पाडली म्हणालो नाही. बसली म्हणालो.

काका चौथ्या दिवशी आले. बूट काढले. आधी सगळे दगड पाहिले, मग पडलेल्या बुंध्यापाशी बसून सालीवरून हात फिरवला. अंगठा एका जागी थांबला, मग खाली सरकला, परत थांबला, आणखी खाली जाऊन पुन्हा एकदा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठले आणि दगड आकड्यांप्रमाणे वाळूवर मांडायला लागले. दगडांच्या चुऱ्यात त्यांना बाईची हनुवटी सापडली. ती दुपट्ट्यात गुंडाळून त्यांनी चौकीदाराला दिली. "डब्ब्यात ठेव. उंदीर नेत नाही, पन मानसं नेते."

चौकशी ओट्यावरच झाली. बाहेरून आलेले दोन अधिकारी, आमचे साहेब, मी आणि काका.

"औषध कुणी लावलं?"

"मीच लावलं," काका म्हणाले.

"मुळं त्यानं कुजली?"

"कुजायला दोन वर्ष लागते, साहेब. मेली होती. कुजली नव्हती."

"मग झाड पडलं कसं?"

काका म्हणाले, "मी इथं नव्हतो." आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. सांध्यात काही आहे का, हे पाहताना पाहायचे तसं. आमचे साहेब म्हणाले, "हवा चली होगी उस रात." अधिकाऱ्यानं मला विचारलं, "वारा होता?"

मी होकारार्थी मान हलवली.

मी कमी बोलतो, हा माझा स्वभाव आहे असं लोक समजतात आणि मीही त्यांना समजू दिलं. त्या दिवशीचं मान हलवणं हा स्वभाव नव्हता. अहवालात वाक्य आलं: मिस्त्रीने वापरलेल्या औषधामुळे मुळे कुजून भिंत ढासळली. काकांचं काम बंद झालं. दगड एक ते चौदा नवीन ठेकेदारानं आकड्याप्रमाणे बसवले, पुढं कंटाळून सिमेंट भरलं.

वाक्य कागदावरच राहिलं असतं तर एक वेळ ठीक. ते मरोद्यात पोचलं, वैशाली नगरात पोचलं. पोचेपर्यंत त्याचं असं झालं होतं, की रामटेकेनं देऊळ पाडलं. त्याला आणखी एक शेपूट लागलं, की तो बौद्ध माणूस, त्याला देवळाचं काय. एका रविवारी बाबा चहा पिताना म्हणाले, "त्याले ते काम द्यायलाच नव्हतं पायजे. मनात काय असते, कोन सांगावं." चोवीस वर्षं त्याच्या हातातून वीट घेतलेला माणूस हे म्हणाला. मी समोर बसलो होतो. मी चहा पीत राहिलो. पुढच्या रविवारी काका आले तेव्हा बाबा आतून बाहेर आले नाहीत. त्यानंतर काका आले नाहीत.

काका मला त्यानंतर रस्त्यात भेटायचे. "नमस्कार साहेब," म्हणायचे. इंजिनेर नाही, साहेब. सहा वर्षं. त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. दर दिवाळीनंतर मात्र ते सायकलवरून देवळाकडे येत, आवाराला बांधलेल्या दोरीच्या बाहेर उभे राहून दक्षिणेची भिंत पाहत, आणि जात. चौकीदार मला सांगायचा.

गेल्या वर्षी सिमेंटच्या कडेनं कोंब आले. मोजले, नऊ होते. नवे साहेब म्हणाले, हे काम जाणणारा कुणी आहे का? मी रामटेकेंचं नाव सांगितलं. त्यांनी फाईल उघडली, ते वाक्य वाचलं आणि विचारलं, "वही ना, जिसने दीवार गिराई थी?"

"नहीं," मी म्हणालो.

घरी येऊन दोन पानं लिहिली. तारीख, पुली, रिगर, साखळी, फोन, मान हलवणं. दुसऱ्या दिवशी मरोद्याला गेलो.

काका अंगणात खाटेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हात कापत होते. "साहेब आले," ते सुनेला म्हणाले, "चहा ठेव." मी कागद पुढं केला. "मले दिसत नाही. वाच."

मी वाचलं. मध्येच थांबलो तेव्हा ते नुसते "हं" म्हणायचे. "बुंध्याला साखळीचे दोन फेरे देऊन" या वाक्यावर त्यांनी हात वर केला.

"तीन."

"काय?"

"तीन फेरे होते. साखळीचे वन तीन होते सालीवर. तीन लिही, इंजिनेर."

मी दोनवर रेघ मारून तीन केलं. खिशातलं पेन चालेना, सुनेनं नातवाची पेन्सिल आणून दिली. माझं वाचून झालं. मी विचारलं, "काका, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"मी बोललो असतो तं तू नाही म्हणाला असता. मंग काय?" ते म्हणाले. "हे हापिसात देशीन ते दे. पन आधी तुह्या बापाले वाचून दाखव."

साहेबांपुढं ते पत्र ठेवणं त्या मानानं सोपं होतं. मला नोटीस आली, तिचं मी उत्तर दिलं. पत्र त्या फाईलला लागलं, अहवालाच्या वर. बाबांपुढं बसणं अवघड गेलं. ते पंच्याऐंशीचे. त्यांनी सगळं ऐकलं. "तीन" या शब्दावर त्यांनी कागद हातात घेऊन ती पेन्सिलची खाडाखोड जवळून पाहिली. उठले, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभे राहिले. मी स्कूटर काढली.

मरोद्यात मी फाटकाबाहेरच थांबलो. काका कंपाउंडच्या भिंतीपाशी उकिडवे बसलेले होते. विटांच्या सांध्यात पिंपळाचं रोप आलं होतं, दोन पानांचं. डोळ्यांनी ते दिसत नसावं. ते बोटांनी चाचपत होते. बाबा त्यांच्यामागं जाऊन उभे राहिले. काकांनी मान वळवली नाही. चपलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं असावं, कारण बाजूला पडलेली दुधाची पिशवी त्यांनी न पाहताच मागं केली. बाबा गुडघ्यावर हात टेकत कष्टानं खाली बसले आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

"माती हाय का तीत?" काकांनी विचारलं.

"हाय."

"ओली?"

"हाय, रामटेके."

काकांनी नख सांध्यात सरकवलं. त्यांचा हात कापत होता, म्हणून बाबांनी एक हात पिशवीवरून काढून रोपाला लावला.

"नोको, भाऊराव," काका म्हणाले. "ओढू नोको. येते ते."